तुळाजी गुरवांची फुंकर यंत्रांत न उतरली, त्याची हकीकत

श्रीसरस्वती सुरांस सुबुद्धि देवो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, एका राज्यीं ऐसें वर्तलें जे, नगारखान्याचे सनईवाले तुळाजी गुरव वृद्ध जाहले, वाजवितां दम पुरेना, आणि राणीसाहेबांनीं कारागीर सगुणाबाईंस आज्ञा केली कीं, दसऱ्यास सिंथेसायझर यंत्रांतून हुबेहूब त्यांचीच सनई वाजावी. मग सगुणाबाई मोठ्या उमेदीनें कामास लागल्या. यंत्रांत तीन चौक्या. पहिलीवर कच्चा नाद उठे, तो गांधीलमाशीसारखा कर्कश, परंतु त्यांत सारे सूर कोंबलेले. मग दुसरीवर फिल्टर बसे, तो नको तें गाळी. आणि तिसरीवर आवाज किती झपाट्यानें चढावा आणि कैसा विरावा, याचा हुकूम चाले. आणि तुळाजी रोज शेजारीं बसून वाजवीत, आणि बाई बटणें फिरवून ताडून पाहत. एके दिवशीं तुळाजी बोलिले, "पोरी, सनई अशी एकदम बोलत नाही. आधी फुंकर येते."

"गुरवकाका, तो तुमचा दमा आहे. दमा कशाला वाजवू?"

"अगं, चाळीस वर्षं तोही दरबारात हजेरी लावतोय."

बाई खो खो हंसल्या आणि फुंकर सोडून पुढें गेल्या. मग भाद्रपदांत तुळाजी वारले.

दसऱ्याचे सकाळीं यंत्र वाजलें, आणि सूर ऐसा कीं लोकांचे डोळे पाणावले, आणि सगुणाबाईंस आभाळ ठेंगणें जाहलें. परंतु सनईबरोबर उघडावें तें महाद्वार उघडेना, आणि दसऱ्याची पालखी आंत खोळंबली. दरवान कान्होजी अडसरावर हात ठेवून नुसते उभे. बाई धांवत गेल्या. "अहो, सनई ऐकू येत नाही का?"

"येते की. पण मी फुंकरीवर अडसर काढतो, बाई. म्हणजे पहिल्या सुराला दार उघडं मिळतं. तुळाजीनंच घालून दिलंय तसं."

मग बाईंनीं हातानें इशारा करून पालखी सोडविली, परंतु त्यांचा चेहरा उतरला. फिल्टर असलेलें गाळितो, नसलेलें कोठून आणील? म्हणोन पहिल्या चौकीवर वाऱ्यासारखा सरसरता नाद नवा बसविला, आणि कान्होजींस शेजारीं बसवून विचारूं लागल्या.

"अशी?"

"लांब होती."

"आता?"

"शेवटी जरा अडकायची."

ऐसें करितां दिवस कलला, आणि कान्होजी बोलिले, "ही फुंकरच आहे, बाई. पण कोणाचीही." मग बाई स्वतः आठवूं गेल्या, तों कांहींच आठवेना, सहा महिने शेजारीं बसून त्यांनीं ती ऐकिलीच नव्हती, फक्त वगळिली होती.

एणेंप्रमाणें यंत्र सिद्ध जाहलें, सनई राहिली, फुंकर गेली. महाद्वार आतां पहिल्या सुरानंतर उघडतें, आणि तेवढा उशीर दरबारानें मंजूर केला आहे.