आरसे झाकणारा बिरूमामा

आमच्या पेडगावात दुपारी आरसा उघडा ठेवायची सोय नाही. बिरूमामा येतो आणि झाकून जातो. माझ्या मोटरसायकलीच्या आरशांवर त्यानं परवा मोजे चढवले. न्हाव्यानं टपरीबाहेर आरसा टांगला, तर त्यावर सरळ घोंगडं टाकलं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बोंबलतंय आणि हा म्हणतो, "उन्हाशी मस्करी न्हाई करायची, बाबा!"

मामा माझा शेजारी, पण तसा साऱ्या गावाचाच मामा. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. एका एजंटानं त्याला मेंढरं राखायला म्हणून आखातात नेलं आणि वाळवंटातल्या वीज कारखान्यात आरसे पुसायला लावलं. नजर पोचेल तिथवर आरसे आणि मधोमध उंच मनोरा. सगळे आरसे त्याच्या माथ्यावर ऊन फेकतात, तिथं मीठ तापवतात, त्या उष्णतेवर वीज होते. "मीठ पाण्यावानी वाहतंय बघ!" मामा सांगायचा. आम्ही म्हणायचो, लय फेकायलाय. दोन वर्षांनी काम अर्ध्यात टाकून हा परत आला. का, ते कधी बोलला नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या पोरीला, सुनीताला बघायला बोरीचे पाव्हणे आले. स्थळ मीच आणलेलं. पोरगा गुणाचा, पण माणसं मानपानाला फार जपणारी. पोहे झाले, पोराच्या बापाला टॉवेल-टोपी द्यायची म्हणून मामी ताट आणायला आत गेली, तर ताट रिकामं! मामा गायब! बाहेर बघतो तर काय, पाव्हण्यांच्या गाडीच्या एका आरशाला तो मानाचा टॉवेल गुंडाळलेला आणि दुसऱ्यावर टोपी! आईशप्पत! आणि मामा तिथंच उभा.

माझ्या मागोमाग बाहेर आलेला पोराचा बाप लालबुंद. "मान आमचा का गाडीचा? चला रे, उठा!"

मी मामाचा दंड धरून गदागदा हलवला. "अरे मामा, पोरीचं वाटोळं करायलास का?"

मामा मटकन खाली बसला. "तिथं पाखरं यायची," म्हणाला. "मनोऱ्यापाशी लय उजेड. त्यात शिरली की धूर निघायचा, जळत खाली पडायची. सकाळी मीच बादलीत गोळा करायचो. एक जितं घावलं. पाणी पाजायलो, तर हातातच गेलं." त्यानं आपल्या तळव्यांकडं बघितलं. "आरसे मीच पुसायचो ना. जितके लख्ख पुसावे, तितकी पाखरं पडायची."

आणि आम्ही या माणसाला हसत होतो!

"मला फोनवर रोज म्हणायचे, मजेत हाय," दारातून मामी बोलली. मग पदर सावरून पाव्हण्यांसमोर उभी राहिली. "जायचं तर जावा. पर ह्यांना कुणी हसू नका."

कुणी हसलं नाही. पोराचा बाप गाडीपाशी गेला, दाराला हात घातला आणि तसाच उभा राहिला. मग परत फिरला आणि मामाशेजारी जमिनीवरच बसला.

"पोरीला बोलवा बाहेर," म्हणाला. "अन् आधी माझ्या व्याह्याला पाणी द्या."