सुंचनला नक्की येऊ!

चारुदत्त गुप्तेला आग्रह करकरून कोणी आपल्या गावी नेलंय, असं आजवर घडलं नव्हतं, आणि याचा त्याला रास्त अभिमान होता. आखातातल्या अल खफजीच्या समुद्रात तेलाचं काम, त्यामुळे चारुदत्तच्या ऑफिसात जगभरचे इंजिनिअर, आणि प्रत्येकाला आपलं गाव दाखवायची भारी हौस! चारुदत्त कोणालाच नाही म्हणत नसे. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणे, "नक्की येऊ! लोकेशन पाठवून ठेवा." लोकेशन मागणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार? खफजीत किराण्याचं दुकान चालवणारा म्हसळ्याचा कादिर तर बिचारा दर सुट्टीआधी त्याला आपल्या घराचं लोकेशन नव्याने पाठवी.

"नकार काय, कोणीही देतो," चारुदत्त बायकोला, पद्मजाला, समजावून सांगे. "होकार देऊन न जाणं, ही कला आहे."

यंदाच्या सुट्टीत मात्र तो खरोखरच एका ठिकाणी जाणार होता. रुचाने दहावीत चांगले मार्क मिळवले तर सोलला नेईन, असं त्याने कबूल केलं होतं. कोरियन मालिका बघून बघून पोरगी ती भाषा बोलायला शिकली होती. मार्क आले, तिकिटं निघाली, आणि चारुदत्तने ही बातमी कँटीनमध्ये नेमकी हानला सांगितली.

हान त्याच्याच ऑफिसातला कोरियन इंजिनिअर. अबोल, नम्र, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"सोलला सगळेच जातात," हान म्हणाला. "माझ्या सुंचनला परदेशातलं कोणी येत नाही. खाडी आहे, लव्हाळ्यांचं रान आहे, गवताच्या छपरांचं जुनं गाव आहे. या ना!"

सांगायला काय जातंय? चारुदत्तने खांद्यावर हात ठेवला. "नक्की येऊ! लोकेशन पाठवून ठेवा."

हानचा घास हातातच राहिला. "नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की!"

संध्याकाळी लोकेशन आलं. इथवर सगळं नेहमीसारखं होतं. पण दुसऱ्या दिवशी सहलीचं रंगीत वेळापत्रक आलं. मग हानच्या आईचा व्हिडिओ आला. म्हातारी पाहुण्यांसाठी दुलया धूत होती! त्यापाठोपाठ हानच्या भावाने मोठी व्हॅन मागून आणल्याचा फोटो आला, तेव्हा चारुदत्तला घाम फुटला.

"रजा काही मंजूर होत नाही बहुतेक," तो हानला म्हणाला. "आमचा हम्माद फार कडक साहेब."

हान थेट हम्मादसाहेबाकडे गेला. थोड्या वेळाने साहेबच चारुदत्तच्या टेबलाशी हजर!

"मित्राची आई वाट बघतेय आणि तू रजा मागायला लाजतोस? तुझा जाण्या-येण्याचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा झाला, खलास! वर दोन दिवस जास्तीचे दिलेत. यल्ला, तयारीला लाग!"

रजेची सबब अंगावर आल्यावर चारुदत्तने बायकोचे गुडघे पुढे केले. "पद्मजाला चालवत नाही हो. फार त्रास आहे." हानने सहानुभूतीने मान हलवली. तेवढ्याने भागेना, तेव्हा चारुदत्तने जेवण काढलं. "आणि आम्ही मासे खात नाही. कांदा नाही, लसूणही नाही." कोरियात लसणीवाचून कोणाला जेवू घालणार? आता तरी सुटलो, असं त्याला वाटलं. हानने आईला फोन लावला, बराच वेळ बोलला आणि म्हणाला, "जमेल."

घरी रुचा खवळलीच. "सुंचन? बाबा, यू प्रॉमिस्ड सोल!"

"अगं, दोनच दिवस. मग सोलच सोल!"

"नक्की?"

"नक्की," चारुदत्त म्हणाला. रुचाचा चेहरा पडला. ती त्याच घरात वाढली होती.

सुंचनच्या स्टेशनवर रजा काढून आलेला हान, त्याचा भाऊ आणि पंचाहत्तरी उलटलेली आई असे तिघं स्वागताला उभे होते. पुढ्यात एक चाकांची खुर्ची होती. तिला आईने स्वतः उशी शिवली होती.

"ही कोणासाठी?" पद्मजाने विचारलं. ती रोज पहाटे खफजीच्या किनाऱ्यावर असे झपाझप चाले की बरोबरीच्या बायका मागे पडत.

"तुझ्यासाठी," चारुदत्त ओठ न हलवता म्हणाला. "तुझे गुडघे दुखतात."

"माझे?"

"ठणकतात. बस लवकर."

पद्मजा बसली. खुर्ची ढकलायला म्हातारी कोणाला हात लावू देईना. मग लव्हाळ्यांच्या रानातून लाकडी वाटेवर वरात निघाली. पुढे धडधाकट पद्मजा बसलेली, मागे आजीबाई घामाघूम, आणि समोरून येणारे लोक चारुदत्तकडे बघत होते. हानने मोठ्या अभिमानाने खाली चिखलात उड्या मारणारे मासे दाखवले.

"अहो, या तर निवट्या!" पद्मजा म्हणाली. ती रेवदंड्याची. "आमच्या खाडीत ढिगाने असतात. आम्ही त्या खातो, बघायला जात नाही!"

"हळू. आपण मासे खात नाही."

"काय?"

ते तिला जेवताना कळलं. अंगणात हानचा भाऊ मासे भाजत होता. गुप्ते मंडळींसाठी आजीने जन्मात पहिल्यांदा बिनलसणीचा स्वयंपाक केला होता. उकडलेले मोड, उकडलेला भोपळा आणि उकडलेला पालक. पद्मजा त्या माशांकडे माहेरच्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी खाडीचं वळण बघायला टेकडी चढायची होती. खुर्ची वर जाईना. हानचा भाऊ पद्मजापुढे पाठ करून उकिडवा बसला. त्यांच्याकडे आजाऱ्याला असंच पाठुंगळी नेतात म्हणे!

"नको नको!" पद्मजा किंचाळली. "टेकडी मला खालूनच छान दिसते!"

दोन दिवस संपले. आजी रुचाशी काहीतरी बोलली. "हालमोनी म्हणतेय," रुचाने मराठीत सांगितलं. हानच्या आईला ती आता कोरियनमधून आजीच म्हणत होती. "आणखी एक दिवस राहता का? बाबा, प्लीज नाही म्हणा."

चारुदत्तला अगदी मनापासून नाही म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि आतून सवयीने आलं, "नक्की!"

असंच पुढच्या दिवशी झालं. त्याच्याही पुढच्या दिवशी झालं. सोल उरलं ते एवढंच, की विमान तिकडून सुटणार होतं. रुचा रडली नाही, भांडली नाही, आणि तेच चारुदत्तला जास्त लागलं.

शेवटच्या सकाळी व्हॅनमध्ये हान आणि त्याचा भाऊ दबक्या आवाजात बोलत होते.

"काय म्हणतायत?" चारुदत्तने हळूच विचारलं.

"भाऊ विचारतोय, वहिनीबरोबर थायलंडला जाणार होतास, ती तिकिटं का कॅन्सल केलीस?" रुचा सपाट आवाजात म्हणाली. "अंकल म्हणतायत, मी सगळ्यांनाच बोलावतो. जस्ट टू बी पोलाइट. आजवर कोणी आलंच नव्हतं."

"मग आधीच नाही का सांगितलं त्याने!"

"तुम्ही सांगितलंत?" पद्मजा मागून म्हणाली. आपल्या कलेची चारुदत्तला पहिल्यांदाच लाज वाटली.

स्टेशनवर आजीने रुचाचे हात धरून खूप वेळ काहीतरी सांगितलं. रुचा हसत काहीतरी म्हणाली. त्या सगळ्या सहलीत ती तेवढीच हसली.

खफजीला परतल्यावर महिन्याभराने हान कँटीनमध्ये जरा अवघडून समोर येऊन बसला.

"आईचा पासपोर्ट आला. दिवाळीत ती तुमच्या नाशिकला येतेय. रुचाने बोलावलंय."

चारुदत्त तडक घरी आला. "रुचा! तू हानच्या आईला नाशिकला बोलावलंस?"

"हो. मी म्हटलं, नक्की या. अँड आय मेंट इट, बाबा!" रुचा म्हणाली. "आपण सुट्टीला तिथेच असणार ना? आणि पुढच्या समरमध्ये ती मला सोल दाखवणार आहे. फक्त आम्ही दोघी."

"अगं, पण या वयात तिला झेपणार आहे का? पांडवलेण्यांच्या पायऱ्या केवढ्या आहेत!"

"खुर्ची बघून ठेवलीय मी," पद्मजा स्वयंपाकघरातून म्हणाली. तव्यावर मासा तळत होता, त्यात लसूण सढळ हाताने घातलेली होती. "ढकलणार तुम्ही. आणि पायऱ्या आल्या की पाठुंगळी घ्यायचं. तशी पद्धत आहे त्यांच्याकडे."

त्या दिवसापासून चारुदत्तचे गुडघे दुखताहेत. खरोखर दुखताहेत! त्याने हानला सांगितलं, हम्मादसाहेबाला सांगितलं, पद्मजाला तर रोज सांगतो. कोणीही विश्वास ठेवत नाही. शेवटी तो कादिरच्या दुकानात जाऊन रडला. कादिरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरे व्हाल, चारूभाऊ," तो म्हणाला. "नक्की!"