गोकुळदासांचे अमर इंजीन

"इंजीन आपणहून मरत नाही, त्याला मालक मारतात!" असे गोकुळदास पार्से गावात भेटेल त्याला सांगत. गोवा राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती, नद्यांवर पूल कमी आणि फेरीबोटी जास्त होत्या. पण गोकुळदासांचा जगातला अभिमान एकच: खाणीच्या लिलावात घेतलेली जुनी डिझेल जीप! तिचे ऑइल मुदतीआधी बदलायचे, फिल्टर वेळच्या वेळी नवा घालायचा, आणि सकाळी इंजीन नीट तापल्याशिवाय चाक हलवायचे नाही. त्यात बायको तापली तरी बेहत्तर!

भाच्याच्या, गौरेशच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून न्यायचा, असे त्यांनी जाहीर केले. लग्न नदीपलीकडे, शिवोलीला. लग्नाच्या सकाळी बायकोने, सुमंगलाने, पदर खोचला.

"आज ही गाडी वाटेर एकदा जरी आपसूक बंद पडली, तर उद्या रामचंद्राक इकून टाकतलंय!"

शेजारच्या रामचंद्राला काजूच्या बागेतल्या पंपासाठी ते इंजीन कधीचे हवे होते. मागच्या सीटवर बसून तो गालातल्या गालात हसला.

"लाव पैज!" गोकुळदास गरजले. "ही बंद पडाची नाय!"

आणि खरेच, चोपड्याच्या धक्क्यापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. तिथे फेरीचा खलाशी गाडीमालकाला आडवा आला.

"पात्रांव, इंजीन बंद करा! चालू गाडी फेरीर घेवची नाय!"

असल्या गाड्या किल्लीने बंद होत नाहीत, इंजिनाचे डिझेल तोडणारी एक वायर ओढावी लागते. गोकुळदासांनी ऐटीत वायर ओढली. ती हातभर बाहेर आली आणि हातातच राहिली! इंजिनाच्या आयुष्याशी तिचा संबंध नाही, म्हणून आजवर तिलाच तेवढे तेल मिळाले नव्हते.

गोकुळदासांनी किल्ली फिरवली, काढली, वर धरून दाखवली. गाडी आपली धडधडतेच आहे!

"किल्ली हातात आणि गाडी चालू? देवचार बसलो गो बाय!" एक मासळीवाली किंचाळली.

रामचंद्राला तेवढेच निमित्त हवे होते. त्याने लग्नाच्या सामानातला नारळ उचलला आणि गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, हेच्यात जो कोण बसलो आसात तेका खाली उतरय, आणि ही गाडी बंद पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा धक्का ओरडला.

गाडी धडधडतेच!

खलाशी म्हणाला, "सोपा आसा. हवेच्या तोंडाक फडको कोंबा. गुदमरून गप जातली."

"गुदमरून?" गोकुळदास बॉनेटवर आडवे झाले. "आयुष्य कमी जाता तिचा!"

"मगे गिअरात घालून ब्रेक दाबा."

"तुजो गळो दाबू?"

"मामा, मुहूर्त!" गौरेश मुंडावळ्यांतून रडकुंडीला आला. मंगलाष्टकांना नवरदेवामागे मामा उभा राहायला हवा!

"तुमी फुडे व्हा. हेका गप करून मी इलंयच!"

फेरी सुटली. नवरदेव मासळीच्या पाट्यांमध्ये उभा राहून गेला. गोकुळदास धक्क्यावर उरले. चालू गाडी टाकून जाववेना, आणि तिचा श्वास कोंडायला हात होईना. पलीकडे आता अक्षता पडत असतील, मामा कुठे म्हणून भटजी खोळंबले असतील. त्यांनी रेडिएटरला पाणी पाजले. स्वतः उपाशीच राहिले.

संध्याकाळी फेरीतून सुमंगला उतरली. मागे रामचंद्र, डोक्याला फेटा!

"मामाच्या जागेर ह्यो उभो रवलो," ती म्हणाली. "मानय हेकाच गावलो."

गोकुळदासांना ते फार लागले. तरी मान ताठ करून ते म्हणाले, "लग्न चुकला, पण पैज मी जिकलंय! सकाळपासून एकदा बंद पडली नाय. कान देऊन आयक!"

तिघांनी कान दिला.

इंजीन खोकले. पुन्हा खोकले. आणि गप्प झाले. टाकीतले डिझेल संपले होते!

रामचंद्राने फेटा सारखा केला आणि आभाळाकडे पाहिले. सुमंगलाने हात जोडले.

"व्हय म्हाराजा!"