भाषा : इंग्रजी, फ्रेंच (प्राथमिक)

कोणत्याही सुसंस्कृत समाजात न्याय मिळण्याआधी अर्ज करावा लागतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे वकील होण्याआधीच कळावं, म्हणून इंटर्नशिपची व्यवस्था केलेली आहे. बंगळुरात हेब्बाळच्या तळ्यासमोर असलेल्या आमच्या लॉ फर्ममध्ये इंटर्न निवड कक्षाचा प्रमुख या नात्याने मी ही व्यवस्था नऊ वर्षं सांभाळतो आहे, आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे साधारण दोन हजार शंभर अर्ज येतात. जागा सहा. त्यांतल्या चार आमच्या अशिलांच्या मुलांसाठी असतात (त्यांनाही अर्ज करावाच लागतो, नियम सर्वांना सारखे). उरलेल्या दोन जागांची निवड अत्यंत काटेकोर असते. एक हजार नऊशे अर्जदारांना लहानपणापासून न्यायाची ओढ असते. ते बाजूला काढतो. सातशे जण आमच्या फर्मच्या कार्याने भारावलेले असतात. हे कार्य नेमकं काय, ते मलाही विचारून घ्यावं लागतं, म्हणून तेही बाजूला. (काही जण दोन्ही गटांत मोडतात. ते दोनदा बाजूला काढले जातात.)

यंदा या चाळणीतून अक्षरा पार पडली. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला, घर यशवंतपूरला, वडील महांतेश तिथल्याच एका कारखान्यात फोरमन. आमच्याआधी तिने त्रेसष्ट फर्मना अर्ज केले होते आणि एकीकडूनही साधा नकारसुद्धा आला नव्हता. चार आठवड्यांचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर तिचं वर्ष अडकणार होतं. शेवटी कॉलेजातल्या वीणा नावाच्या सीनियरने तिचा बायोडेटा तपासला आणि एका मिनिटात दोष शोधून काढला. भाषांच्या रकान्यात पोरीने खरं तेच लिहिलं होतं : मराठी, कन्नड, इंग्रजी. वीणाने पहिल्या दोन खोडल्या. त्या काय, घरी सगळ्यांनाच येतात, असं तिचं म्हणणं पडलं. शेवटी तिने जोडलं, फ्रेंच (प्राथमिक). चौसष्टावा अर्ज आमच्याकडे आला आणि मी तो वाचताक्षणी निवडला. आमच्या फर्मला फ्रेंचची गरज आजवर कधी पडलेली नाही. पण असलेली बरी.

अठरा दिवस अक्षराने फायलींना क्रमांक घातले. आम्ही दोघं एकमेकांशी स्वच्छ इंग्रजीत बोलत होतो आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

एकोणिसाव्या दिवशी देवनहळ्ळीहून गंगव्वा आल्या. वय सत्त्याहत्तर, आमच्या अशील. दोन एकर शेत प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याला विकायचं आणि घर व विहीर स्वतःकडे ठेवायची, एवढंच त्यांचं काम. खरेदीखत आमच्या अकरा वकिलांनी इंग्रजीत केलं होतं आणि त्याची कन्नड प्रत संगणकाने. अंगठा घेण्याआधी कागद पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. हे काम एरवी चहा देणारे बसवंतअण्णा करतात. ते पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते (रजेचा अर्ज रीतसर होता).

अकरा वकिलांची तातडीची बैठक भरली. दिल्लीचे चार, पुण्याचे तीन, कोलकात्याचे दोन, इंदूरचे दोन. सगळ्यांनी बंगळुरात आठ-दहा वर्षं काढलेली. सगळ्यांचं कन्नड एकत्र केलं तेव्हा ते 'स्वल्प अडजस्ट माडी' (जरा जमवून घ्या) इतकं भरलं. अखेर कागद वाचून दाखवला असं समजावं, असा एकमताने निर्णय झाला आणि शाईचं पॅड पुढे सरकवण्यात आलं.

अक्षरा फाईल धरून शेजारीच उभी होती, आणि तिला तिसरं पान दिसत होतं. अर्जातली माहिती खोटी वा अपुरी आढळल्यास इंटर्नशिप तत्काळ रद्द, हे आमचं कलम चौदा तिला पाठ होतं. नऊ दिवस उरले होते. तिचा चेहरा बघून मला तिची कीव आली.

"अज्जी, बेडा," ती कन्नडमध्ये म्हणाली. "अंगठा लावू नका. यात तुमचं घर आणि विहीरही गेली आहे."

घर-विहीर वगळल्याची ओळच संगणकाने गाळली होती. गंगव्वांनी अंगठा पदराला पुसला. पोरगी कुणाची, गाव कुठलं, याची चौकशी केली. मूळ निपाणीचं, असं अक्षराने सांगितलं.

"मग इतका वेळ गप्प का होतीस?" गंगव्वांनी विचारलं.

याचं उत्तर कलम चौदा असं होतं. पण ते कन्नडमध्ये कसं सांगावं, हे अक्षराला सुचलं नाही.

त्याच दुपारी त्रिसदस्यीय चौकशी समिती बसली. दोन भाषा लपवल्याचा आरोप सिद्ध झाला. फ्रेंचबाबत मात्र फर्ममध्ये ती कुणालाच येत नसल्याने पडताळणी होऊ शकली नाही, सबब ती ग्राह्य धरण्यात आली. इंटर्नशिप रद्द झाली. एवढ्यात गंगव्वांनी कळवलं की ही पोरगी वाचेल त्याच कागदावर अंगठा उठेल, नाहीतर फाईल परत द्या. समितीने पुन्हा बसून अक्षराची उरलेल्या नऊ दिवसांसाठी 'तातडीचे वाचक' या पदावर नेमणूक केली आणि चार आठवडे पुरे झाल्यावर तिला प्रमाणपत्र दिलं. दप्तरात विसंगती नको म्हणून त्यात भाषा इंग्रजी आणि फ्रेंच अशाच ठेवल्या.

प्रमाणपत्र हातात पडताच तिने बाहेर पॅसेजमध्ये जाऊन वडिलांना फोन लावला.

"अप्पा, मिळालं बगा! वर्ष वाचलं."

मी मागेच उभा होतो. "शाब्बास, पोरी," माझ्या तोंडून निघून गेलं. नऊ वर्षांत या इमारतीत मी उच्चारलेले हे पहिलेच मराठी शब्द. ती वळली, हसली आणि तुम्ही कुठले सर, असं तिने मराठीत विचारलं. मी चिकोडीचा, निपाणीच्या शेजारचा, मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्याच. तिला मात्र, मूळचा पुण्याचा, असं इंग्रजीत सांगितलं. माझ्या बायोडेटात इंग्रजी आणि जर्मन (प्राथमिक) आहे, आणि कलम चौदा मलाही लागू आहे. त्या दिवशी मला स्वतःची थोडी लाज वाटली. पण ती कार्यालयीन वेळेत होती, म्हणून आवरली.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. फक्त हे वाचून झालं की स्वतःचा बायोडेटा उघडा आणि ज्या भाषेत इतका वेळ हसलात, ती त्यात कुठे दिसते का ते बघा. दिसली नाही, तर अर्ज जरूर पाठवा. तुमची निवड मी वाचताक्षणी करीन.