रफीक सरांचा कूलर

अकोल्यात लोडशेडिंग सुरू झालं की टाळी वाजवणारा एकच माणूस होता : आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे रफीक सर. शेतातल्या मोटारी थांबलेल्या, कपाशीची पऱ्हाटी सुकत चाललेली, गाव शिव्या देतंय, आणि हे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर आपलं यंत्र लावून म्हणायचे, "वा! सारा जिल्हा गप्प झाला!" लगेच कान पकडायचे. "अल्ला माफ करो. लोकायचं पीक जळून राहिलं अन् मी खूश होऊन राहिलो."

परवा ते वारले आणि शोकसभेत त्यांच्या 'फसलेल्या' यंत्रावर लोक खदाखदा हसले. माझं डोकंच फिरलं. तो किस्सा पहिल्यांदा मीच सांगितला होता, म्हणून जास्त फिरलं.

यंत्र फसलं नव्हतं. एका मोठ्या संस्थेतले शास्त्रज्ञ सिलिकॉनच्या चिपवर क्वांटम संगणकाचे बिट बनवत होते. अशा बिटाचं उत्तर घेऊन येणारी मायक्रोवेव्ह लहर अगदी क्षीण असते. ती वाढवणारं यंत्र सर घडवत होते. "वाढवनं काय, भोंगाही वाढवते. आपला सोताचा कालवा त्यात मिसळू न देनं, ते कठीन हाय साहेब!"

यंत्र गार ठेवायला द्रव नायट्रोजन लागे. सर तो गुरांच्या दवाखान्यातून आणत, वळूचं वीर्य गोठवतात त्यातलाच. सायकलला टाकी बांधून निघाले की कोणीतरी विचारायचंच, "सर, गाय कुठी हाय?"

"कॉलेजात. तुमी दर्शनाले या!"

मे महिन्यात संस्थेचे दोघं तपासायला आले. पडद्यावर गोंगाटाचं गवत दिसतं. त्यातून एक उभी रेघ वर आली की यंत्र पास. मग ते तिकडे बसवायला सरांनाच बोलावणार होते. पाहुणे घामानं निथळत होते. मी विभागप्रमुख, तत्परतेनं कोपऱ्यातला जुना कूलर लावला. त्याची मोटार ठिणग्या मारायची, आणि त्या ठिणग्यांचा गोंगाट थेट यंत्रात शिरला. रेघ गवतात बुडाली.

"फारच नॉइज आहे," म्हणून पाहुणे उठले. सर गप्प.

दुसऱ्या दिवशी कूलर बंद होता, आणि तीच रेघ ताठ उभी असलेली मी या डोळ्यांनी पाहिली. तरी संस्थेला पत्र लिहिलं नाही. विभागप्रमुखानंच प्रयोग बुडवला, हे कसं लिहायचं? उलट स्टाफरूममध्ये यंत्राच्या नावानं हशा पिकवला. असला मी माणूस!

सर निवृत्त झाल्यावर कबुली द्यायला अमरावतीला त्यांच्या घरी गेलो. भर उन्हाळ्यात एकटेच, पंखासुद्धा न लावता टेबलावर तेच यंत्र मांडून बसले होते. पडद्यावर रेघ होती.

"कूलरचं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पयल्याच मिनिटाले."

"मग बोलला का नाहीत?"

"एकोणीस वर्षांत माह्या खोलीत पयल्यांदा पाहुणे बसले होते, साहेब. त्यायले कसं म्हनू, घामात बसा?"

मी अजून दाराशीच उभा होतो.

"उभे काहून? बसा ना," म्हणत ते उठले, आणि माझ्यासाठी त्यांनी कूलर लावला. पडद्यावरची रेघ गवतात बुडाली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.