शार्डने आणि संकष्टी

अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात निर्यातप्रमुखाचं पद रिकामं झालं. परदेशी पाहुण्यांबरोबर जेवायला बसणाऱ्या अधिकाऱ्यास वाइनचं वर्णन करता येणं अत्यावश्यक आहे, असं परिपत्रक व्यवस्थापनाने काढलं. पिणं ऐच्छिक ठेवलं होतं. उमेदवार दोन, गुरुदत्त आणि यज्ञेश. दोघांना ओकच्या पिंपात मुरवलेल्या शार्डनेची, म्हणजे पांढऱ्या वाइनची, एकेक बाटली देण्यात आली. वर्णन सोमवारी सादर करायचं होतं.

पद आपल्यालाच मिळणार, हे गुरुदत्तने बेलवलीत, घराच्या आसपास, आधीच सांगून ठेवलं होतं. सासुरवाडीलासुद्धा. त्यामुळे माघार नव्हती. रविवारी दुपारी त्याने ग्लास भरला, तोच स्वयंपाकघरातून सुनेत्राचा आवाज आला.

"अहो, आज संकष्टी आहे. एक थेंब तरी तोंडात जाऊ दे, मग बघा!"

"अगं, ऑफिसचं काम आहे."

"मग वास घ्या. वासाने उपास मोडत नाही."

हा शास्त्रार्थ मान्य करून गुरुदत्तने ग्लासात नाक घातलं. आत खिचडीसाठी दाणे भाजले जात होते, लोणी कढत होतं, मोदकाच्या सारणात वेलची पडली होती. गुरुदत्त डोळे मिटून एकेक सांगत गेला आणि मोबाइल टिपून घेत गेला: भाजलेले दाणे, कढवलेलं लोणी, ओलं खोबरं, मागाहून वेलची. दाणे जरा करपले, तेव्हा त्याने 'धुराची सूक्ष्म छटा' हेही जोडलं.

साहेबांनी ते वर्णन बाटलीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिलं. लोणी होतं, दाणे होते, खोबरं आणि धूरही होता. वेलची नव्हती.

"वेलची कुणाच्याच लक्षात कशी नाही आली?" साहेब खजील झाले. यापुढे प्रत्येक वर्णनात वेलची आढळणं बंधनकारक राहील, असं शुद्धिपत्रक दुपारीच निघालं.

यज्ञेश उपासबिपास करत नसे. त्याने ती प्यायली होती.

"सर, खरं सांगू? आंबट आहे. आणि फळी चाटल्यासारखं वाटतं. बस."

"तुमची जीभ अजून तयार नाही," साहेब हळहळले. यज्ञेशला प्रशिक्षणाला बसवण्यात आलं. प्रशिक्षक अर्थातच नवे निर्यातप्रमुख.

त्या वर्गात गुरुदत्तला ती वाइन पहिल्यांदा प्यावी लागली. आंबट होती. फळीही होती. त्याला यज्ञेशची कीव आली आणि स्वतःची भीती वाटली. केबिनवर नावाची पाटी कालच लागली होती.

"काय यज्ञेश, येतेय वेलची?"

यज्ञेशने ग्लासाकडे पाहिलं, मग काचेपलीकडच्या पाटीकडे. परवापर्यंत तो गुरुदत्तला 'यार' म्हणायचा.

"आली, सर. आत्ताच आली."

हसू नका. यज्ञेशने निदान घोटभर प्यायली होती. तुम्ही तर बाटली पाहिलीही नाहीत, आणि मघाशी दाण्यांचा खमंग वास तुम्हालाही आलाच. तुमचं प्रशिक्षण पूर्ण झालं आहे. प्रमाणपत्र आवक-जावक खिडकीवरून घेऊन जावं.