खर्जाचा नंबर

"बेस ऐकूच येत नाहीये," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

चौघेही एका मोबाइलभोवती वाकले होते. कीबोर्ड वाजवणारे डॉक्टर, ड्रम वाजवणारा प्लंबर, ड्रायव्हिंग स्कूल चालवता चालवता गाणारा मेहुणा, आणि ज्यांचं वाजवणं ऐकू येत नव्हतं ते त्याचे दाजी, चष्म्याचं दुकान चालवणारे चष्मेवाले. बावीस वर्षं दर बुधवारी संध्याकाळी प्लंबरच्या गोदामात, पाइपांच्या चळतींमध्ये खुर्च्या टाकून ही मंडळी वाजवत आली होती. बेस गिटार म्हणजे नेमकं काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी अजिबात लाजू नये, ती वाजवणाऱ्यांच्या घरच्यांनाही ते ठाऊक नसतं. चार जाड तारा असतात आणि ती सगळ्यांच्या खाली, खर्जात बोलते.

"आहे की! नीट ऐका," चष्मेवाले म्हणाले. "हे बघा, आता... आता मी खाली उतरलो."

"तो रस्त्यावरचा ट्रक आहे, दाजी," मेहुणा म्हणाला.

डॉक्टरांनी मोबाइल बंद केला. रुग्णाला दात काढावा लागेल हे सांगताना ते जो आवाज लावत, तोच त्यांनी लावला. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या कीबोर्डात बेसचा आवाज आहे. डावा हात तसाही मोकळाच असतो."

"बावीस वर्षं मोकळा होता, तो आजच आठवला?"

"वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होऊ दे. त्यात ऐकू आलास तर प्रश्नच मिटला. नाही आलास, तर पुढच्या वेळेपासून डावा हात."

"आणि मी?"

"तू ये की. बस आमच्यात."

हे 'बस आमच्यात' चष्मेवाल्यांच्या फार जिव्हारी लागलं. गोदामात पाइपही बसलेलेच असतात. घरी गेल्यागेल्या त्यांनी एक डबी मागवली.

डबी दिसायला जेवणाच्या डब्याएवढी, पण तिच्या पोटात दोनशे बारा ॲम्पचे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्यांचे, आवाज होते. कपाटाएवढे जुने ॲम्प, उशीएवढे नवे ॲम्प, त्यांचे स्पीकर, त्या स्पीकरसमोर धरलेले माइक, इतकंच काय तर माइक किती बोटं लांब धरला आहे, तेसुद्धा. हे सगळं खरं नव्हे, नक्कल. बटण दाबलं की गिटारला वाटतं आपण अमक्या ॲम्पमधून बोलतोय. एखादा साधा माणूस असता तर त्याने चारदोन आवाज चाळून पाहिले असते, एक आवडता धरला असता आणि वाजवायला बसला असता. पण चष्मेवाले साधे नव्हते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरली होती. निवड कशी करायची याचा जगात एकच मार्ग आहे, असा त्यांचा ठाम समज होता.

"बस खुर्चीत," ते बायकोला म्हणाले. "मान सरळ. हा हेडफोन तुला, हा मला. आता सांग. एक," टण्ण, "की दोन?" टण्ण.

बायको शाळेत भूमिती शिकवायची. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन."

"आता तीन, की दोन?"

"दोनच."

"छान. आता डावा कान झाक."

"अहो, कान कशाला झाकायचा?"

"दोन्ही कानांचा नंबर सारखाच असतो असं समजू नकोस. निम्म्या लोकांना पन्नाशीपर्यंत पत्ता नसतो."

मग बायकोने डोळा झाकायचं ते काळं चमचाछाप झाकण डाव्या कानावर धरलं, मग उजव्या. चष्म्याच्या नंबराच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर चष्मेवाले निकाल टिपत गेले. 'उ. का.: खालचे सूर अधिक दोन. डा. का.: अधिक अडीच.' रोज शाळा आणि दुकान सुटल्यावर दोन तास हा प्रकार चालायचा. सहाव्या दिवशी त्यांना शंका आली. चष्म्याच्या धंद्यात काही रुग्ण कंटाळून ठोकून देतात, हा अनुभव होता. म्हणून त्यांनी धंद्यातलीच युक्ती वापरली आणि तोच आवाज दोनदा ऐकवला.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं, जरा वेळ घेतला. "दोन्ही सारखेच वाटतात."

"अगं, काय कान आहे तुझा!" चष्मेवाले हरखून उभेच राहिले. "लग्नाला तीस वर्षं झाली आणि मला माहीतच नाही!" त्या दिवसापासून त्यांनी बायकोचा शब्द प्रमाण मानला. आठवडाभरात दोनशे बारा आवाजांतून गाळून गाळून जो एक उरला, तो खरंच सुंदर होता. हेडफोनमध्ये एकच सूर छेडला तरी भरल्या विहिरीत हाक मारल्यासारखं वाटे. चष्मेवाले तो सूर ऐकत डोळे मिटून बसत, आणि बायको समोर बसून पेपर तपासत असे. दुकानातही मन तिथेच. एका आजींना त्यांनी भिंग बदलताना विचारलं, "आता खाली जरा भरल्यासारखं वाटतंय का?" आजी घाबरून म्हणाल्या, "कुठे हो? पायात?"

बुधवारी ते डबी घेऊन गोदामात गेले, ऐटीत. पहिलं गाणं सुरू झालं आणि विहीर कुठे गायब झाली कळलंच नाही. एकट्याने वाजवताना जो आवाज खोली भरून उरत होता, त्याची खालची बाजू ड्रमने खाल्ली, वरची कीबोर्डने, आणि मधे त्याच्याकडे स्वतःचं असं काही नव्हतंच.

"डबीचं बटण चालू आहे ना?" प्लंबरने विचारलं. त्याने अगदी साध्या मनाने विचारलं, म्हणून ते जास्त लागलं.

चूक कुठे झाली, हे चष्मेवाल्यांना घरी जाताना उमगलं. अंधाऱ्या खोलीत तपासलेला चष्मा उन्हात घालून चालत नाही! जो आवाज चारचौघांत वापरायचा, तो चारचौघांतच तपासायला हवा. पुढच्या बुधवारी ते बायकोलाच गोदामात घेऊन आले. पाइपांसमोर खुर्ची टाकली. गाणं ऐन रंगात आलं की ते ओरडत, "एक?" कडव्याच्या शेवटी ओरडत, "की दोन?"

"दाजी, मी गातोय!"

"तू गा रे. तुझ्याबद्दल नाही विचारत. अगं सांग ना, एक की दोन?"

"ताई, सांग बाई एकदाचं, पाया पडतो!" मेहुणा म्हणाला. ताईने एक सांगितलं. मग सात सांगितलं. मग चौदा सांगितलं, आणि चौदा खरोखरच बरा निघाला. एकट्याने ऐकला तर नाकात बोलणारा, टेबल सरकवल्यासारखा, पण चौघांत मिसळल्यावर आपली जागा धरून उभा राहणारा. डॉक्टर मान तिरकी करून ऐकत होते. "आहे, काहीतरी आहे," ते म्हणाले. "कार्यक्रमात बघू."

आता इथे थांबायला काय हरकत होती? काही नव्हती. पण ज्याच्या हातात दोनशे बारा आवाज आहेत त्याला दोनशे तेरावा खुणावतोच.

रविवारी सकाळी अकराचा कार्यक्रम. साडेदहाला वाचनालयाच्या रंगमंचावर सगळं लावून झालं. चौदा नंबर तयार होता. तेवढ्यात चष्मेवाल्यांच्या मोबाइलवर डबीवाल्यांचा निरोप चमकला. नवी सुधारणा आली आहे, खास बेससाठी आणखी बारा ॲम्प. आत्ता, की नंतर? खाली लिहिलं होतं, वेळ चार मिनिटं.

माणसाच्या बोटाला अक्कल नसते. चष्मेवाल्यांनी 'आत्ता' दाबलं.

डबीवर एक निळी रेघ उमटली आणि एक ओळ. सुधारणा चालू आहे, उपकरण बंद करू नये. गिटारचा आवाज आता या डबीतूनच बाहेर पडायचा, म्हणजे रेघ भरेपर्यंत गिटार मुकी. चार मिनिटांनी रेघ नऊ टक्क्यांवर होती. दहा मिनिटांनी एकवीस. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांना पुढे दुसरीकडे जायचं आहे असं कळलं, आणि भाषणं मागे ढकलून गाणी आधी घ्यायचं ठरलं. पडदा सरकला. पहिल्या रांगेत पाहुणे, तिसऱ्या रांगेत बायको, आणि डबी चौतीस टक्के.

सांगावं का? चष्मेवाल्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांचा डावा हात कीबोर्डवर नुसता ठेवलेला होता, पण ठेवलेला होता. सांगितलं की तो हात चालू लागणार, आणि बावीस वर्षांचा हिशोब इथेच, पाहुण्यांदेखत संपणार. मेहुण्याने माइक हातात घेतला. चष्मेवाले गप्प राहिले, आणि प्लंबरने चार ठोके देताच मुक्या गिटारीवर मन लावून बोटं फिरवू लागले.

अपेक्षा अशी होती की कोणालाच काही कळणार नाही. तसंच झालं. कोणालाच काही कळलं नाही. फक्त गाणं बिघडलं.

प्लंबर हळूहळू पळायला लागला. मेहुणा दुसरं कडवं अर्धी ओळ आधीच उचलून बसला, मग थांबला, मग पुन्हा चुकीच्या जागी शिरला. डॉक्टरांनी एकदा मागे वळून पंखा पाहिला. काहीतरी निसटतंय हे तिघांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी भोक बुजवायला डावा हात कामाला लावला. डावा हात एक सूर शोधतोय तोवर उजवा चार सूर चुकला. तो सावरला तर डावा अडखळला. प्रेक्षकांतले दोघे उठून पुस्तकांची कपाटं बघायला गेले.

चष्मेवाले पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला बेस बाहेरून ऐकू आला होता. आपण नसलो की असं होतं तर! त्यांना एकाच वेळी रडू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं. गाणं कसंबसं संपलं. डबी एक्याण्णव.

प्लंबरच्या ड्रमच्या काडीला चीर पडली होती, म्हणून त्याने दुसरी शोधेपर्यंत दोन मिनिटं गेली. निळी रेघ भरली, डबी एकदा लुकलुकली आणि पुन्हा चालू झाली. चौदा नंबर पुसला गेला होता. तीन आठवड्यांचं सगळं टिपण पुसलं गेलं होतं. बाराच काय, नवा एकही ॲम्प दिसत नव्हता. समोर होता तो सगळ्यात पहिला, कारखान्यातून येतानाच बसवलेला आवाज, जो कोणी निवडलेलाच नव्हता. बटणं फिरवायला वेळ नव्हता. चार ठोके पडले, आणि चष्मेवाले वाजवू लागले.

दुसरं गाणं आपोआप जागच्या जागी बसलं. प्लंबर पळायचा थांबला. मेहुण्याने पहिलं कडवं असं उचललं की पाहुण्यांनी घड्याळात बघायचं सोडून दिलं. डॉक्टरांचा डावा हात आपसूक मांडीवर जाऊन बसला. सहा गाणी झाली, टाळ्या झाल्या, पाहुण्यांची पुढची गाठभेट चुकली.

पडद्यामागे सगळे घाम पुसत होते. "पहिल्या गाण्याला माइक गंडला होता," मेहुणा म्हणाला. "नंतर सुधारला."

"छे रे, माझं स्टूल हलत होतं," प्लंबर म्हणाला. "मी खाली कागदाची घडी घातली, मग जमलं."

"पंखा सरळ तोंडावर येत होता," डॉक्टर म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे चष्मेवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं. मग डॉक्टर त्यांच्याजवळ आले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "ते डाव्या हाताचं राहू दे. मी करून बघितलं आज. नाही जमत रे मला. तूच वाजव."

"आणि ऐकू नाही आलो तर?"

"नाही तर नाही. तू वाजव म्हणजे झालं."

दुपारी दोघं नवरा-बायको चालत घरी निघाली. गिटार त्यांच्या पाठीवर, डबी तिच्या पिशवीत.

"पहिल्या गाण्याला तुम्हाला बरं नव्हतं का हो?" बायकोने विचारलं. "चेहरा अगदी उतरला होता."

चष्मेवाल्यांनी तिला सगळं सांगितलं. निळी रेघ, मुकी गिटार, पुसलेला चौदा नंबर. "तू तीन आठवडे बसून एवढं कानाने निवडलंस," ते म्हणाले, "आणि मी एका बोटाने घालवलं."

बायको थांबली. "एक सांगू? रागावू नका. मला त्यातला एकही फरक कळत नव्हता."

"म्हणजे?"

"मला सगळं टण्णच ऐकू यायचं. मी तुमच्या तोंडाकडे बघायचे. वर्गात चाळीस पोरांना शिकवते मी, कोणाला समजलं आणि कोणाला नाही ते तोंडावरच दिसतं. ज्या आवाजाला तुमच्या कपाळावरची आठी जायची, तो नंबर मी सांगायचे."

"आणि ते दोन्ही सारखे?"

"दोन्ही वेळा आठी तेवढीच होती."

चष्मेवाले रस्त्यातच उभे राहिले. अठ्ठावीस वर्षं आपण लोकांना विचारतोय, काय दिसतंय, काय दिसतंय, आणि ही समोर बसून आपल्याला वाचत होती! आपण तीन आठवडे फक्त डबीकडे बघत होतो, हेही त्यांना आठवलं, आणि लाज वाटली. "बरं, माझं सोड," ते म्हणाले. "तुला स्वतःला काय आवडतं? बावीस वर्षं दर कार्यक्रमाला येतेस. कशासाठी येतेस?"

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"प्लंबरभावजींचे ड्रम," बायको म्हणाली, आणि तिचा चेहरा खुलला. "ते वरचं खणखण नव्हे हो. खालून येतं ते. खुर्चीतून वर चढतं, पोटात लागतं, आणि गाणं कसं धरून ठेवल्यासारखं वाटतं. मी डोळे मिटून तेवढंच ऐकत असते. आज पहिल्या गाण्याला त्यांनी ते वाजवलंच नाही, कोण जाणे का. मला इतकं चुकल्यासारखं झालं! दुसऱ्यापासून वाजवलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला."

चष्मेवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं. मग तिच्याकडे नीट पाहिलं, आणि ते मिटलं.

"प्लंबरभावजींना सांगा हं माझ्यातर्फे," ती म्हणाली.

"सांगतो," चष्मेवाले म्हणाले, आणि डबीची पिशवी तिच्या हातातून स्वतःच्या हातात घेतली.